पाळी उशिरा, दुखणं आणि गाठी: इथे अशोकारिष्टाचं काम काय?

प्रश्न: वय २९. दीड वर्षात वजन ९ किलोंनी वाढलं. पाळी ४५ ते ६० दिवसांनी येते. आदल्या दिवशी आणि पहिल्या दिवशी ओटीपोट, कंबर विलक्षण दुखते, रक्ताच्या गाठी पडतात. अंगावरून मोकळं जायला लागलं की दुखणं उतरतं. सोनोग्राफीत ‘पीसीओडी’ लिहून आलं. चार महिने अशोकारिष्ट आणि शतावरी कल्प घेते आहे, फरक नाही. वर्षभरात बाळाचा विचार आहे. हीच औषधं चालू ठेवावीत का? उत्तरबस्ती (गर्भाशयात औषधी तेल सोडण्याची क्रिया) सुचवली आहे, ती करून घ्यावी का?

उत्तर:

दोन्ही औषधं आधी थांबवा. त्यांच्यात खोट काही नाही, पण तुमची तक्रार एका दिशेला आणि ही औषधं दुसऱ्या दिशेला अशी गत झाली आहे.

अशोकारिष्टाचा पाठ भैषज्यरत्नावलीत आहे आणि त्याच्या फलश्रुतीत पहिलं नाव असृग्दराचं येतं, म्हणजे अंगावरून प्रमाणाबाहेर किंवा फार दिवस जाणं. पुढे रक्तपित्त (शरीरातून कुठूनही रक्त जाणं) आणि अर्शही (मूळव्याध) आहेत. अशोकाची साल शीत, कषाय (तुरट), ग्राही (बांधून ठेवणारी). जोडीला धायटीची फुलं, दारुहळद, आंब्याची कोय, चंदन, अडुळसा. हा सगळा गट वाहणाऱ्या रक्ताला आवर घालणारा आहे. तुमच्याकडे प्रवाह मुळात अडलेला आहे. पाळी लांबलेली, रक्त गाठाळ, वाट मोकळी होईपर्यंत वेदना. त्यावर स्तंभन करणारं, म्हणजे प्रवाह रोखणारं औषध चार महिने घेतलं तर फरक दिसायचा कुठून? ‘पाळीचं टॉनिक’ म्हणून ही बाटली घराघरात गेल्यामुळे ती कोणत्या पाळीसाठी आहे हे विचारायचं राहून जातं.

शतावरी गुरू, स्निग्ध, शीत. कृश, कोरड्या, थकलेल्या स्त्रीला ती उत्तम लागू पडते. वजन वाढतं आहे, जेवणानंतर जडपणा येतो, जीभ सकाळी पांढरी असते, अशा अवस्थेत ती कफच वाढवते. शिवाय कल्प म्हणजे बव्हंशी साखर. पीसीओएसमध्ये (तुमच्या अहवालातल्या ‘पीसीओडी’चंच आजचं नाव) इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही हा निम्मा आजार असतो; तिथे रोज दोनदा दोन चमचे कल्प दुधातून घेणं म्हणजे औषधाच्या नावाखाली साखर खाणं. डब्यावरची घटकांची यादी एकदा वाचून पाहा.

आता तुमची लक्षणं ग्रंथांत कुठे बसतात ते पाहू. सुश्रुताने सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात आर्तवक्षयाची, म्हणजे पाळीचं रक्त (आर्तव) कमी पडण्याची, तीन लक्षणं दिली आहेत: योग्य काळी न दिसणं, अल्पता आणि योनिवेदना. उपाय दोनच सांगितले: संशोधन (शरीरशुद्धी) आणि आग्नेय (उष्ण गुणाच्या) द्रव्यांचा विधिवत उपयोग. आर्तव स्वभावाने आग्नेय आहे, म्हणून ते वाढवायचं तर उष्ण, दीपन, वाट मोकळी करणारी द्रव्यं हवीत. दुसरी खूण चरकाने चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात उदावर्तिनी या योनिव्यापदाची (स्त्रीच्या जननमार्गाच्या विकाराची) दिली आहे: रज (पाळीचं रक्त) सुटलं की तत्क्षणी सुख वाटतं. तुमचं ‘मोकळं जायला लागलं की दुखणं उतरतं’ हे नेमकं तेच. खाली सरायला हवा तो अपान वायू (मल, मूत्र, रज बाहेर टाकणारा) उलटा फिरतो आहे आणि वाटेत कफाचा अडथळा आहे.

दुखण्याची वेळ हा निदानातला सगळ्यात उपयोगी प्रश्न आहे, आणि बहुतेक वेळा तोच विचारला जात नाही. प्रवाहाआधी दुखून प्रवाहाबरोबर थांबलं तर अडथळा. प्रवाह चालू असताना आग, गरमपणा, दुर्गंधी आणि दुखणं असेल तर पित्त. पाळी संपताना किंवा संपल्यावर कंबर गळून दुखत असेल तर धातुक्षय (शरीराची झीज). तिथे मात्र शतावरी, दूध, तूप यांचीच गरज. एकाच ‘पाळीत दुखतं’ या वाक्याखाली तीन वेगळ्या चिकित्सा आहेत.

इथे एक सावधानता हवी. पीसीओएसमध्ये पाळी चुकते, पण ती सहसा फार दुखत नाही, कारण त्या महिन्यात बीज सुटलेलंच नसतं. तुमची वेदना ‘विलक्षण’ असेल, दर खेपेला वाढत असेल, संबंधाच्या वेळी आत खोल दुखत असेल किंवा पाळीच्या दिवसांत शौचाला बसताना कळ येत असेल, तर एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) आहे का हे स्त्रीरोगतज्ज्ञाकडून तपासून घ्या. साध्या सोनोग्राफीत तो नेहमी दिसतोच असं नाही. उदावर्तिनीचं वर्णन चपखल जुळलं म्हणून ही तपासणी टाळू नये.

सोनोग्राफीतल्या ‘पीसीओडी’ या शब्दावरही थांबू नका. निदानासाठी तीनपैकी दोन गोष्टी लागतात: अनियमित पाळी (३५ दिवसांपेक्षा जास्त अंतर किंवा वर्षात ८ पेक्षा कमी पाळ्या), पुरुषी संप्रेरकांची लक्षणं किंवा रक्तातली वाढ, आणि अंडाशयाचं तसं चित्र. तेही थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचा दोष नाही हे पाहिल्यावर. तेव्हा टीएसएच (थायरॉइडची तपासणी), प्रोलॅक्टिन, हिमोग्राम, फेरिटिन (लोहाचा साठा) आणि साखरेची तपासणी (शक्यतो ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांची) करून घ्या. थायरॉइड मंद असताना नुसती पाळीची औषधं देत राहिलं तर महिने वाया जातात.

चिकित्सा जठराग्नीपासून सुरू करायची. पहिले १५ दिवस थेट पाळीचं औषध नको. हिंग्वाष्टक चूर्ण २ ग्रॅम, जेवणाच्या पहिल्या घासाला अर्ध्या चमचा तुपात कालवून, दोन्ही वेळा. हे जेवणानंतर पाण्याबरोबर घेतलं तर तेवढं काम करत नाही. पहिल्या घासाबरोबरच घ्यायचं. छातीत जळजळ, तोंड येणं, आंबट ढेकर असतील तर हिंग सोसणार नाही, तिथे धणे-सुंठीचं पाणी पुरतं. पोट साफ होत नसेल तर रात्री गंधर्वहरीतकी ३ ते ५ ग्रॅम कोमट पाण्याबरोबर. यात एरंडतेलात परतलेला हिरडा असतो, तो अपान खाली आणतो. सकाळी एकदा बांधीव, सहज शौच होईल एवढीच मात्रा ठेवा. जुलाब होऊ लागले तर मात्रा जास्त झाली असं समजा. बद्धकोष्ठ तसंच ठेवून पाळीचं दुखणं थांबवायचा प्रयत्न हमखास फसतो, कारण पक्वाशय (मोठं आतडं) आणि गर्भाशय एकाच अपानाच्या ताब्यात आहेत.

भूक स्वच्छ लागू लागली, जेवणानंतरची सुस्ती गेली, की मुख्य औषध. माझी पहिली पसंती बाळंतशेपांना. काश्यपसंहितेत शतपुष्पा (म्हणजे बाळंतशेपा) आणि शतावरी यांच्यावर स्वतंत्र अध्याय आहे आणि आर्तव न दिसणं, अल्प असणं यांत शतपुष्पेला मान आहे. ३ ग्रॅम चूर्ण सकाळी, सुरुवातीला कोमट पाण्याबरोबर, कफ कमी झाल्यावर तुपाबरोबर. इथे एक चूक सर्रास होते: बडीशेप आणली जाते. बडीशेप गोड, थंड. तिचं हे काम नाही. बाळंतशेपा म्हणजे शेपूच्या भाजीचं बी. चपटं, कडेला फिकट पातळ पाळ असलेलं, वास उग्र. दळलेलं चूर्ण दोन महिन्यांवर ठेवू नका. शार्ङ्गधरानेही चूर्णाची मुदत तेवढीच धरली आहे, आणि शेपेतलं तेल तर त्याआधीच उडायला लागतं. महिन्यापुरतंच दळा.

सोबत कांचनार गुग्गुळ ५०० मिलिग्रॅम दोनदा, आणि कुमारी आसव १५ मिलि तेवढ्याच पाण्यात जेवणानंतर. कुमारी आसव अंगावरून जाणं संपल्यावर सुरू करायचं, पाळी आली की थांबवायचं. मूळव्याधीतून रक्त जात असेल तर नको.

पाळीच्या आधीच्या आठवड्यात काळ्या तिळाचा काढा. १० ग्रॅम तीळ जाडसर कुटून १६० मिलि पाण्यात मंद आचेवर ४० मिलि उरेपर्यंत आटवायचे, गाळून कोमट असताना घ्यायचा. ग्रंथात गूळ घालायला सांगितला आहे. साखरेची तपासणी सीमेवर असेल तर गूळ वगळून दोन चिमूट सुंठ घाला. तीळ न कुटता उकळले तर पाण्यात फारसं काही उतरत नाही. झाकण ठेवून उकळलं तर आटायला वेळ लागतो आणि मध्येच कंटाळून कच्चा काढा उतरवला जातो. तेव्हा भांडं उघडं ठेवा.

पाळी ४५ ते ६० दिवसांत केव्हाही येत असेल तर ‘आधीचा आठवडा’ ओळखायचा कसा? स्तन जड होणं, कंबर भरून येणं, चिडचिड या खुणा काही जणींना स्पष्ट कळतात. त्या नसतील तर ३५ वा दिवस धरा. त्या दिवशी गरोदरपणाची चाचणी करा, नकारात्मक आली तरच काढा सुरू करा आणि आठवड्याने चाचणी पुन्हा करा. उशिरा बीज सुटणाऱ्या स्त्रीत पहिली चाचणी खोटी नकारात्मक येऊ शकते.

रजःप्रवर्तिनी वटीबद्दल मी कडक आहे. तिच्यात कोरफड, कासीस (लोहाचा क्षार), हिंग, टंकण (टाकणखार). औषध प्रभावी आहे, पण पाळी लांबली की गोळी, असा तिचा गैरवापर फार होतो. गर्भाची शक्यता असताना ती घ्यायची नाही. गर्भधारणा टाळण्याची साधनं वापरत असाल त्याच महिन्यांत, चाचणी करून, २५० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दोनदा जेवणानंतर, जास्तीत जास्त ८ ते १० दिवस. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळ, पोटात मुरडा ठरलेला. लाल दिसलं की बंद.

९० दिवस झाले आणि पाळी नाही, चाचणीही नकारात्मक आहे, तर काढे करत बसू नका. बीज न सुटता गर्भाशयाचं अस्तर महिनोन्महिने वाढत राहणं धोक्याचं आहे. स्त्रीरोगतज्ज्ञाकडून प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांनी ते एकदा उतरवून घ्यावं. त्याने आयुर्वेदिक चिकित्सेला बाधा येत नाही, उलट पुढची गणना नीट करता येते.

दुखण्यासाठी सर्वांत खात्रीचा उपाय मात्राबस्ती, म्हणजे गुदमार्गाने थोडं औषधी तेल आत सोडणं. पाळीच्या अपेक्षित दिवसाआधी ७ दिवस, रोज एक. पाळीचा अंदाजच नसेल तर वरच्या खुणांवरून किंवा ३५ व्या दिवसाची चाचणी करून. सहचर तेल किंवा दशमूळ तेल ६० मिलि. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा, थेट आचेवर नको. मनगटाच्या आतल्या बाजूला दोन थेंब टाकून सोसवतं का पाहा. हलकं जेवण झालेलं असावं, त्यानंतर लघवी आणि शौचाला जाऊन यावं. डाव्या कुशीवर, डावा पाय सरळ, उजवा गुडघ्यात दुमडलेला. सिरिंजला साधा मऊ रबरी कॅथेटर जोडून आधी त्यातली हवा काढायची, टोकाला तेल लावायचं, तीन-चार इंच अलगद आत सारायचा आणि तेल संथपणे सोडायचं. शेवटचा थोडा अंश सिरिंजमध्येच राहू द्यायचा. सगळं ढकललं की मागून हवा जाते आणि पोट फुगून कळ येते. नंतर पाठीवर दहा मिनिटं पडून राहायचं. पहिली खेप वैद्याकडेच करा, तिथे हात बसल्यावर पुढचं घरी होऊ शकतं.

तेल आत काही तास राहायला हवं. लगेच परत आलं तर कारण शोधा. पोट साफ न करता दिला असेल, भरपेट जेवणावर दिला असेल, तेल गार असेल किंवा भराभर ढकललं असेल. बहुधा यांतलंच एक असतं. उपाशीपोटी दिला तर तेल वर चढतं आणि मळमळतं. अजिबात परत आलंच नाही आणि अस्वस्थता नसेल तर चिंता नको, ते जिरतं. तेलकट शौच, भूक मरणं, जीभ चिकट होणं दिसलं तर तिथेच थांबा. अग्नी आधी सावरायचा राहिला आहे. पाळी चालू असताना बस्ती नाही.

पाळीच्या दिवसांत औषधं कमी, शेक जास्त. हलकं गरम जेवण, तिळाच्या तेलाचा हात फिरवून ओटीपोटावर आणि माकडहाडावर कोमट शेक. वेदना असह्य झाली तर डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी घ्यायला हरकत नाही. ती घेतल्याने चिकित्सा ‘बाटत’ नाही.

वजनाचं बोलल्याशिवाय हे सगळं अपुरं आहे. पीसीओएसमध्ये ५ ते १० टक्के वजन उतरलं तरी अनेकींचं बीज पुन्हा सुटू लागतं. ७० किलोंच्या स्त्रीत साडेतीन ते सात किलो. दिवसा झोप बंद, रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी, रोज घाम फुटेल इतकं ४० मिनिटं चालणं. सुश्रुताने नष्टार्तवात (पाळी बंद पडल्यावर) कुळीथ, तीळ, उडीद, आंबट पदार्थ, ताक, दही असे पदार्थ सांगितले आहेत. वजन जास्त असलेल्या स्त्रीने यातले कुळीथ आणि पातळ ताक घ्यावं, उडीद आणि दही सोडावं. यादी जशीच्या तशी उचलली तर कफ वाढतो.

शोधनाचं (शरीरशुद्धीचं) थोडक्यात. कफप्रधान, बलवान, वजन वाढलेल्या स्त्रीत वमन (औषधाने उलटी करवणं) उपयोगी पडतं. सुश्रुताचा टीकाकार डल्हण याने वर आलेल्या ‘संशोधन’ शब्दाचा अर्थ वमनच घेतला आहे. विरेचनाने (जुलाबाच्या औषधाने) पित्त उतरतं आणि आग्नेय आर्तव आणखी कमी होतं असं त्याचं म्हणणं. व्यवहारात मृदू विरेचनाने बिघडलेलं मी मानत नाही, पण पॅकेज म्हणून सरसकट विरेचन देणं चूक आहे. वमन करायचंच तर बाळाचा प्रयत्न सुरू करण्याच्या किमान दोन-तीन महिने आधी.

फरक मोजायचा तर तीन पाळ्यांची नोंद लागेल: दोन पाळ्यांमधलं अंतर, दिवसाला किती पॅड, गाठींचा आकार, वेदनेला दहापैकी गुण. साधारण आधी वेदना उतरते, मग गाठी, आणि अंतर सगळ्यात शेवटी कमी होतं. तीन पाळ्यांत वेदनासुद्धा जागची हलली नाही तर निदान पुन्हा तपासा, औषधाची मात्रा वाढवू नका.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर कासीस, लोह किंवा मंडूर असलेलं कोणतंही औषध तिच्यापासून किमान चार तास लांब ठेवा आणि गुग्गुळ सुरू केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा पाहा. मेटफॉर्मिन (इन्सुलिनला शरीराची दाद सुधारणारी गोळी) चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका.

अशोकारिष्टाची जागा कुठे, हेही सांगतो. पाळी वेळेवर येते पण ८-१० दिवस थांबत नाही, रक्त लाल, पातळ, गरम, चक्कर येते. अशा वेळी २० मिलि दोनदा तेवढ्याच पाण्यातून, जोडीला पुष्यानुग चूर्ण ३ ग्रॅम मध आणि तांदळाच्या धुवणाबरोबर. साल खऱ्या सीता-अशोकाची असावी. शोभेसाठी लावतात तो उंच, सरळसोट खोटा अशोक भेसळीत फार येतो. आणि अशा रुग्णेत सोनोग्राफी आणि हिमोग्लोबिन आधी, औषध नंतर. तासाला एक पॅड भिजत असेल, संबंधानंतर किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जात असेल, पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा लाल दिसलं असेल, किंवा पाळी चुकलेली असताना एका बाजूला तीव्र कळ आणि घेरी आली असेल, तर बाटली बाजूला ठेवून थेट रुग्णालय.

बाळाचा प्रयत्न सुरू करायच्या तीन महिने आधी पारद-गंधकाची सगळी रसौषधं बंद (आरोग्यवर्धिनीसुद्धा, तिच्यात कज्जली (पारा-गंधकाचं मिश्रण) आणि ताम्रभस्म असतं), आणि फोलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम रोज सुरू. प्रत्यक्ष प्रयत्नाच्या महिन्यांत कुमारी आसव, कांचनार गुग्गुळ, रजःप्रवर्तिनी, शेपा, तिळाचा काढा यांतलं काहीच नको. तेव्हा अग्नी चांगला असेल तर फलघृत ५ ते १० ग्रॅम सकाळी कोमट दुधातून. शतावरीची वेळही तिथे येते, कल्पाऐवजी साधं चूर्ण ३ ग्रॅम.

राहिली उत्तरबस्ती. यात पाळी थांबल्यावर लगेचच्या दिवसांत निर्जंतुक केलेलं औषधी तेल किंवा तूप, ३ ते ५ मिलि, गर्भाशयात सोडतात. हे शस्त्रकर्माच्या शिस्तीचं काम आहे: निर्जंतुक खोली, स्पेक्युलम, निर्जंतुक कॅन्युला आणि प्रशिक्षित स्त्रीरोग वैद्य. निष्काळजीपणा झाला तर संसर्ग वर चढून चांगल्या नळ्याच खराब होतात. पांढरं जाणं, दुर्गंधी, ताप, ओटीपोटात दुखरेपणा असताना ती करायची नाही. तुमच्या माहितीत नळी बंद असल्याचं किंवा गर्भाशयात दोष असल्याचं काही नाही, अडचण बीज सुटण्याची आहे. गर्भाशयात तेल सोडून ती सुटत नाही. आधी तीन पाळ्या वर सांगितल्याप्रमाणे, मग प्रयत्न, सोबत फॉलिक्युलर स्टडी (बीजाची वाढ पाहणारी सोनोग्राफी). पाळी अनियमित असल्याने वर्षभर वाट पाहू नका, सहा महिन्यांत पुढचा सल्ला घ्या. आणि पतींची वीर्यतपासणी सुरुवातीलाच करून घ्या. ती झाल्याशिवाय तुमच्या गर्भाशयात कोणी काही सोडण्याचा विषय काढू नये.